हात जाईल एवढं कपाट

गुरुवारी सकाळी सावळेरामच्या दारात छोटा हत्ती थांबला आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून टेम्पोतून एक काळं कपाट खाली उतरवलं. माझी पिठाची गिरणी त्याच्या घराला लागून आहे, मध्ये छातीएवढी भिंत. त्याच्या दारात काय उतरतं आणि काय चढतं याची खबर अख्ख्या अवसरी बुद्रुकमध्ये आधी मला लागते, आणि मला लागली की मग ती माझ्या एकट्याची राहत नाही. कपाटाला एका बाजूनं काच होती. दळण घेऊन आलेल्या बायांना मी सांगून टाकलं, सावळेरामनं कोंबड्यांसाठी एसी खुराडं आणलंय. संध्याकाळी पोल्ट्रीवाला जानकू खरंच चौकशीला आला, आत किती पक्षी बसतात म्हणून.

खुराडं नव्हतं ते. कॉम्प्युटरचं कॅबिनेट होतं, म्हणजे ज्यात सगळं यंत्र बसवतात तो डबा. आत अजून काहीच नव्हतं. आतलं सामान वेगळ्या खोक्यांतून आलं होतं आणि ते सगळं सावळेराम स्वतःच्या हातानं जोडणार होता. सुनेसाठी.

हा सावळेराम म्हणजे छप्पन वर्षांचा गडी, विहिरीवरच्या मोटारी भरतो. जळालेली मोटार आली की जुनी तार खरवडून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढ्या-वेढ्यानं भरायची, हे काम तो स्वतःच्या हिमतीवर बत्तीस वर्षं करतोय. वेढे मोठ्यानं मोजतो, आणि मोजत असताना घरात कुणी बोलायचं नाही असा कायदा आहे. मुलगा सार्थक याचं लग्न ठरवायला आळ्याहून पावणे आले, ओसरीवर चहा घेऊन बसले, तरी हा आत ‘एकशे बारा, एकशे तेरा’ करत होता. पावण्यांना वाटलं, देवाचं काहीतरी चाललंय. एकजण तर हात जोडून बसला होता. मी मात्र हा कायदा कधी पाळला नाही. त्यानं अठ्ठेचाळीस म्हटलं की मी भिंतीवरून चौसष्ट म्हणायचो. तो तार सोडायचा, माझ्याकडे एकदा बघायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा. शिवी त्यानं कधी दिली नाही, हीच माझी अडचण. शिवी दिली असती तर मी थांबलो असतो.

कॅबिनेट एवढं मोठं का, तर त्याच्या हातांमुळे. बोटं अशी जाड की मोबाइलवर एक आकडा दाबायला गेला की तीन दाबले जातात. मंचरला जिनेशचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. जिनेशचे वडील पन्नालालशेठ त्याच जागेत कापड विकायचे, आता पोरगा यंत्रं विकतो आणि शेठ दारातल्या गादीवर बसून गिऱ्हाइकाला पाणी विचारतात. सून समृद्धीनं सामानाची यादी लिहून दिली होती, त्याप्रमाणे जिनेशनं सगळं काढलं आणि एक सुबक छोटं कॅबिनेट पुढे ठेवलं. सावळेरामनं आत हात घातला तो मनगटाशी अडकला. दुसऱ्यात घातला, तिथंही तेच. त्याच्या धंद्याचा नियम आहे, जिथं हात जात नाही तिथली दुरुस्ती होत नाही. शेवटी पन्नालालशेठांनीच माळ्याकडे बोट केलं. गेम खेळणाऱ्या कुणा पोरासाठी मागवलेलं एक अवाढव्य कॅबिनेट तिथं तीन वर्षं पडून होतं, पोरगा परदेशी निघून गेला होता. सावळेरामनं त्यात कोपरापर्यंत हात घातला, आत फिरवून बघितला आणि म्हणाला, “हे द्या.”

आता या यंत्रावर काय टांगलेलं होतं ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हौसेचा मामला.

समृद्धी पुण्याच्या एका ऑफिसात नोकरीला होती. न बांधलेल्या इमारती बांधून झाल्यावर कशा दिसतील, याची हुबेहूब चित्रं ती कॉम्प्युटरवर करते. बाळंतपणाची रजा संपली. पोरगी सात महिन्यांची, सार्थक चाकणच्या कंपनीत शिफ्टला. तिनं ऑफिसला घरून काम करायचं विचारलं, त्यांनी बरेच आढेवेढे घेऊन होकार दिला, पण अट घातली. घरचं यंत्र आमच्या कामाला पेलणारं पाहिजे. सोमवारी दुपारी चार वाजता आमची एक जड फाइल त्यावर उघडून दाखवायची. चाललं तर नोकरी, नाही चाललं तर नगरची एक मुलगी मंगळवारी रुजू व्हायला तयार आहे. एवढं सरळ. तयार यंत्र घ्यावं असं सार्थकचं म्हणणं होतं. पण सावळेराम म्हणाला, गावाच्या मोटारी मी भरतो आणि माझ्या घरातलं यंत्र दुसऱ्यानं जोडायचं व्हय. समृद्धीनं सामानाची यादी लिहायला घेतली. सासऱ्याला ती आमच्याकडच्या रीतीनं मामा म्हणते आणि दबकून असते.

शुक्रवारी त्यानं जोडणी केली. ओसरीवर स्वच्छ धुतलेलं धोतर अंथरलं, वर सगळं सामान मांडलं आणि सकाळी आठापासून बसला. समृद्धी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून सांगायची, आधी हे, मग ते. हा मान हलवायचा आणि त्या केळ्यांच्या घडासारख्या हातांनी नखाएवढे स्क्रू असे बसवायचा की मी भिंतीवरून टोमणा मारायचं विसरलो. आतल्या तारा त्यानं मोटारीत बांधतात तशा सुती फितीनं बांधून काढल्या, वेणी घातल्यासारख्या. एवढं करूनही कॅबिनेट रिकामंच दिसत होतं. मोठ्या मंगल कार्यालयात चारच वऱ्हाडी यावेत तसं. मी म्हणालो, उरलेल्या जागेत पोटभाडेकरू ठेव. तो हसला. शुक्रवार संध्याकाळपर्यंत ते घर हसत होतं, हे लक्षात ठेवा.

शनिवारी सकाळी वीज द्यायची वेळ आली आणि त्यानं भिंतीवरची पाटी खाली काढली.

ती पाटी म्हणजे सावळेरामचा देव्हारा. लाकडी फळी, तिच्यावर शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब, खाली दोन तारा. कुठलीही मोटार दुरुस्त झाली की तिला थेट वीज द्यायची नाही. वीज आधी त्या बल्बातून जाणार आणि मग मोटारीत. मोटारीत कुठं तारेला तार चिकटून शॉर्ट झालं असेल तर बल्ब भक्क पेटतो, सगळा भार स्वतःवर घेतो आणि मोटार वाचते. बल्ब नुसता मिणमिणला तर समजायचं, सगळं ठीक आहे. बत्तीस वर्षांत त्यानं हा नियम एकदाही मोडलेला मी बघितला नव्हता. माझ्या गिरणीची मोटार, देवळातला पंखा, त्याच्या बायकोचा, म्हणजे प्रयागवहिनींचा, मिक्सर, सगळे त्या बल्बासमोरून गेलेत. कॉम्प्युटरही गेला.

बटण दाबल्याबरोबर आतला पंखा पाव वेढा फिरला, बल्ब भक्क पेटला आणि पंखा थांबला. दोन क्षण गेले. पुन्हा पंखा पाव वेढा, पुन्हा बल्ब भक्क. यंत्राला उचकी लागावी तसं. सावळेरामनं वायर ओढून काढली.

“शार्ट हाय,” तो म्हणाला.

प्रयागवहिनी नातीला घेऊन मागच्या दारी गेल्या. मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

त्यानं जिनेशला फोन लावला. स्पीकरवर होता, मी ऐकलं. जिनेशनं शांतपणे सगळं विचारलं आणि म्हणाला, काका, तो बल्ब काढा, यंत्राला थेट वीज लागते, थेट लावून बघा. सावळेराम म्हणाला, आणि आत खरंच शॉर्ट असेल तर? जिनेश खरं बोलणारा पोरगा, तो म्हणाला, तर मग ग्राफिक कार्ड जाईल कदाचित, आणि तसलं कार्ड यायला आठ दिवस लागतील. पण शॉर्ट नसणार काका. नसणार, हा शब्द सावळेरामला लागला. तुझा खराब माल तू झाकतोस, असं काहीतरी तो बोलून गेला आणि फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. सोमवारी संवत्सरी होती, जैनांच्या पर्युषणाचा शेवटचा दिवस. दुकान बंद, सगळं घर उपासाला, फोनही बंद राहणार. तो दरवाजा त्यानं स्वतःच्या हातानं लावून घेतला.

उरलेला शनिवार आणि अर्धा रविवार तो एकेक भाग काढत राहिला. ग्राफिक कार्ड काढलं, बल्ब लावून बघितलं, उचकी. मेमरीची पट्टी काढून परत बसवली, उचकी. सगळे स्क्रू सोडून मुख्य बोर्ड बाहेर काढला, खाली लाकडी पाट ठेवला, पुन्हा जोडला, पुन्हा तेच. मोठ्या डब्याचा उपयोग आता कळत होता, त्याचा हात दर वेळी आत जात होता आणि रिकामा बाहेर येत होता. गिरणीवर येणारी माणसं भिंतीवरून डोकावायला लागली. एकानं विचारलं, खुराड्यातली कोंबडी आजारी हाय का काय. विनोद माझाच होता, पण त्या दिवशी मला तो कडू लागला. मी त्याला म्हणालो, तुझं दळण बारीक पाहिजे का जाड ते सांग.

रविवारी दुपारी समृद्धी बोलली. पोरीला कडेवर घेऊन दारात उभी राहून, अगदी हळू. “मामा, जिनेशभाऊ म्हणतात तसं एकदा थेट लावून बघूया का? उद्या चार वाजता...”

सावळेरामनं वर बघितलं नाही. “तुला घाई हाय,” तो म्हणाला. “घाईवाल्याचं ऐकून काय व्हतं, ते मी एकदा बघितलंय.”

ती आत निघून गेली. थोड्या वेळानं भिंतीपाशी आली, धुणं वाळत घालायचं निमित्त करून. डोळे लाल होते. मला विचारलं, “नाना, मामांनी काय बघितलंय?”

गावातली अर्धी गुपितं माझ्या तोंडावर असतात, पण हे मी कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. तिला सांगितलं.

सावळेराम शिकला तो मंचरच्या गेणू वस्तादांकडे. काम शिकायला लागून चौथं वर्ष असेल. लोणीच्या एका विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार बसवायला दोघं गेले. सायकलवरून जाताना वाटेत बल्ब फुटला. शेतकरी घाईला आला होता, कांद्याची रोपं माना टाकत होती. वस्ताद म्हणाले, दुसरा बल्ब आणू, मग देऊ. तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा सावळेराम म्हणाला, वस्ताद, द्या डायरेक, मी नीट भरलीय. वस्तादांनी पोराच्या शब्दावर विश्वास ठेवला. सावळेराम मेन स्विचपाशी उभा राहिला आणि वस्तादांनी स्टार्टर दाबला. स्टार्टरच्या डब्यातून जाळ आला. मेन पाडून वीज तोडायचं सावळेरामला एक क्षण सुचलं नाही. एकच क्षण. वस्तादांच्या उजव्या हाताची तीन बोटं त्यानंतर कधी मिटली नाहीत. त्यांनी पुन्हा मोटार भरली नाही, एसटी स्टँडसमोर चहाची टपरी टाकली आणि सावळेरामला कधी एक शब्द बोलले नाहीत. ते गेले तोपर्यंत हा दर दिवाळीला त्यांना कपडे घेऊन जायचा. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तो एकदाच मला म्हणाला होता.

समृद्धी ऐकत उभी राहिली. हातातलं बाळाचं झबलं तिनं चार वेळा पिळलं. मग म्हणाली, “म्हणजे बल्ब काढा असं त्यांना म्हणायचंच नाही.” आणि जरा थांबून, “नाना, जानकूभाऊंच्या पोल्ट्रीत पिल्लांना ऊब द्यायला मोठे बल्ब असतात ना? दोनशेचे?”

असतात, मी म्हणालो.

“एक मिळेल? आणि कुणाला सांगू नका.”

मला. कुणाला सांगू नका. मी गेलो, जानकूकडून दोनशे वॅटचा बल्ब आणला, शर्टाच्या आत लपवून, आणि तोंड उघडलं नाही. जानकूला वाटलं मला ताप आलाय.

सोमवारी सकाळी साडेनऊला तिनं तो बल्ब सासऱ्यापुढे ठेवला. सावळेराम रात्रभर झोपला नसावा, डोळे खोल गेले होते. आदल्या संध्याकाळी त्यानं सगळं यंत्र पुन्हा जोडून ठेवलं होतं, तारांच्या वेण्यांसकट, पण पाटीवरची वायर गुंडाळून ठेवली होती. हार मानल्याची खूण.

“मामा, नियम तुमचाच,” ती म्हणाली. “बल्बाशिवाय वीज नाही द्यायची. फक्त हा मोठा लावून बघा. आत शॉर्ट असेल तर हाही भक्क पेटेल आणि तुमचं खरं ठरेल.”

त्यानं बल्ब हातात घेतला, फिरवून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघत होतो. त्यानं शंभरचा उतरवला आणि दोनशेचा चढवला.

बटण दाबलं. पंखा फिरला. पाव वेढा नाही, पुरा फिरला, वेग घेतला. बल्ब पेटला, पण आधीसारखा भक्क नाही, तांबूस. समोरच्या काळ्या पडद्यावर कंपनीचं नाव उमटलं. मग आत कुठंतरी भार वाढला, बल्ब भक्क झाला, पडदा काळा पडला आणि पंखा थांबला.

सावळेरामनं पुन्हा शंभरचा लावला. पाव वेढा, उचकी. पुन्हा दोनशेचा. या वेळी त्यानं तोंडातल्या तोंडात मोजलं. सहा सेकंद चाललं आणि गेलं. तो खाली बसला, त्या बल्बाकडे बघत. आत बाळ रडलं, प्रयागवहिनींनी गप्प केलं. माझ्या गिरणीत दळण संपून पट्टा नुसता फिरत होता, मला त्याचं भान नव्हतं.

“नाना,” तो म्हणाला, “उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं, तुझी मोटर घुं करून बसती, उठत न्हाई. तवा मी तुला काय सांगतो?”

“मोटरीला शिव्या देऊ नको, तिला पोटभर वीज मिळना, असं सांगतोस.”

तो मान हलवत राहिला. “शार्ट असता तर मोठा बल्ब नुसता मोठा पेटला असता. ह्या बल्बातनं जादा वीज पुढं गेली, तर हे सहा सेकंद जगलं.” मग सुनेकडे न बघता, “उपाशी हाय ते. बल्बच खातोय सगळं.”

ती काही बोलली नाही. शहाणी पोरगी.

तुम्हाला वाटेल, आता काय, काढला बल्ब आणि लावली वायर. तसं नव्हतं. डोक्यानं कळलं होतं, हाताला कळायचं होतं. साडेदहा वाजले होते. पुढे सॉफ्टवेअर चढवायलाच समृद्धीला तीन-साडेतीन तास लागणार होते. आणि जिनेशचं ते ‘नसणार’ अजून हवेत होतं. असलं तर कार्ड जळणार, आठ दिवस, आणि नगरची मुलगी.

त्यानं मला गिरणी बंद करायला लावली. माझी मोटार चालू झाली की त्याच्या घरचे दिवे डुचमळतात. बाहेर दळणाच्या डब्यांची रांग होती, तरी मी बंद केली. मग त्यानं ओसरीवर रबरी चटई टाकली, प्रयागवहिनींना आणि नातीला अंगणापलीकडे लिंबाखाली पाठवलं, आणि माझ्या हातात वेळूची वाळकी काठी दिली. कुणाला चिकटलं तर काठीनं लांब ढकल, हात लावू नको. काठी घेऊन मी उभा राहिलो. एरवी या ध्यानावर मी स्वतःच आठ दिवस हसलो असतो.

एक काम यंत्रापाशी, बटण दाबायचं. दुसरं मेन स्विचपाशी, काही झालंच तर वीज तोडायचं. तो म्हणाला, बटण मी दाबणार, मेनवर कोण? मी पुढे झालो. त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “तू बोलत बसशील.”

“बटण मी दाबते,” समृद्धी म्हणाली. “मेनवर तुम्ही थांबा.”

सावळेराम जागचा हलला नाही. बत्तीस वर्षांपूर्वी मेनवर कोण होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तिला माहीत आहे हे त्याला तिच्या डोळ्यांत दिसलं, आणि कुणी सांगितलं असेल हे कळायला त्याला माझ्याकडे बघायची गरज नव्हती, तरी त्यानं बघितलंच.

“मला न्हाई जमलं तर?” तो म्हणाला.

“तुम्ही असाल तरच मी दाबणार.”

तो भिंतीशी गेला. मेनच्या दांड्यावर हात ठेवला. समृद्धीनं रबरी चपला घातल्या, चटईवर उभी राहिली. वायर थेट भिंतीतल्या प्लगात होती. मध्ये बल्ब नव्हता. पाटी जमिनीवर पालथी पडली होती.

“दे,” तो म्हणाला.

तिनं बटण दाबलं.

पंखा फिरला. आवाजच येईना, एवढा हळू. त्या मोठ्या डब्यात वारा असा मोकळा फिरत होता की कुरकुर नाही, घरघर नाही. मला वाटलं गेलं. सावळेरामनं मोजायला सुरुवात केली. वेढे मोजतो तसं, मोठ्यानं. “एक. दोन. तीन.” पडद्यावर नाव आलं. “चार. पाच.” इथंच मगाशी मेलं होतं. “सहा.” त्याची बोटं दांड्यावर पांढरी पडली. “सात.” पडदा तसाच. “आठ. नऊ.”

तो मोजत राहिला. वीस झाले, तीस झाले. पडद्यावर इंग्रजी अक्षरं सरकायला लागली, समृद्धी खाली वाकून वाचत होती. पन्नास. तिनं मागं वळून मान हलवली, तरी त्यानं दांडा सोडला नाही आणि मोजणंही सोडलं नाही. ऐंशी. एकोणनव्वद. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची मोजणी चुकवायची संधी समोर होती आणि मी मनात त्याच्याबरोबर मोजत होतो. एकशे वीसला तो थांबला. हात दांड्यावरून उचलला आणि धोतराला पुसला.

“चालू दे,” तो म्हणाला आणि ओसरी उतरून लिंबाखाली नातीशेजारी जाऊन बसला.

चार वाजेपर्यंत त्यानं मला गिरणी सुरू करू दिली नाही. पिठासाठी आलेली माणसं माझ्या नावानं बोटं मोडून गेली. एकीनं विचारलं, गिरणी का बंद. मी म्हणालो, वीज उपाशी माणसाला द्यायचीय. ती माझ्याकडे बघत राहिली. समृद्धीनं मला हाताशी घेऊन यंत्र आपल्या खोलीत नेलं आणि तिथं ती एकटी काम करत होती, दार पुढे ढकललेलं. सावळेराम लिंबाखालून उठला नाही. वहिनींनी भाकरी आणून दिली, ती तशीच राहिली. पावणेचारला तो भिंतीपाशी आला आणि मला म्हणाला, आत जाऊन ऐक काय म्हणतात ते. मी म्हणालो, तू जा. तो म्हणाला, माझ्यानं न्हाई.

म्हणून जे झालं ते मी दाराच्या फटीतून ऐकलं. चोरून ऐकायचा मला अनुभव आहे, पण परवानगीनं चोरून ऐकायची ती पहिलीच वेळ. पुण्याचा साहेब पडद्यावर होता. फाइल उघडली. एक इमारत हळूहळू उमटली, काचा, गच्ची, गच्चीवरची झाडं. साहेबानं तिला इमारत फिरवून दाखवायला सांगितली, तिनं फिरवली, कुठं अडकली नाही. मग तो म्हणाला, ठीक आहे, उद्यापासून सुरू करा. पण जाता जाता त्यानं विचारलं, मागे ते काय दिसतंय, एवढं मोठं कॅबिनेट कशाला घेतलं, याच्या निम्म्यात मावलं असतं.

समृद्धी म्हणाली, “सर, आत आमच्या मामांचा हात जावा लागतो.”

मी बाहेर येऊन सावळेरामला एवढंच सांगितलं, उद्यापासून कामाला. बाकी तिखटमीठ लावायला माझ्याकडे भरपूर होतं, पण लावलं नाही. तो नातीला घेऊन आत गेला, प्रयागवहिनींनी देवापुढे दिवा लावला, आणि मी गिरणी सुरू केली.

मंगळवारी सकाळी जिनेशचा फोन आला. सावळेराम ओसरीवर मोटार भरत होता, फोन स्पीकरवर टाकूनच तो बोलतो. जिनेश म्हणाला, “काका, मिच्छामि दुक्कडम. वर्षात माझ्याकडून काही कमी-जास्त बोलणं झालं असेल, मन दुखावलं असेल, तर माफ करा.” त्यांच्यात संवत्सरीनंतर सगळ्यांची अशी माफी मागतात, मग चूक कुणाचीही असो. सावळेराम तारेचा वेढा हातात धरून बसला.

“अरं पोरा,” तो म्हणाला, “फोन मी आपटला. अन् माफी तू मागतोस व्हय?”

जिनेश म्हणाला, काका, रीत आहे. यंत्र चालू झालं का?

झालं, सावळेराम म्हणाला. तू म्हनला तसंच व्हतं. आणि मग फोन ठेवायच्या आधी, जरा हळू, “मलाबी माफ कर.”

तार खाली ठेवली, उठला आणि समृद्धीच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. ती काम करत होती. डब्याची काच काढून भिंतीला टेकवलेली होती.

“चालू हाय ना सकाळपासनं?”

“हो मामा.”

“बरं.” तो गेला नाही. “रविवारी मी ते घाईचं बोललो, ते...”

ती लगेच म्हणाली, “मामा, पंखा गरम हवा फेकतोय का, बघता जरा? मला काही अंदाज येत नाही.”

अंदाज तिला येत होता. तो वाकला, बाही वर केली आणि त्या मोठ्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून पंख्यामागचा वारा उलट्या तळव्यावर घेत राहिला. गरजेपेक्षा जास्त वेळ. ती पडद्याकडे बघत काम करत राहिली. भिंतीवरून मला एवढंच दिसत होतं. गिऱ्हाईक मागून हाका मारत होतं, म्हणून मी वळलो आणि पट्टा चढवला.